'डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिले आहे' हे उत्तर पुरेसे नाही

वाचकाचे पत्र (थोडक्यात):

"मी गेली तीन वर्षे प्रोग्रामर म्हणून काम करते. अवघड तर्क सोडवायला मला आवडते, पण दिवसाचा मोठा भाग दुसऱ्यांनी लिहिलेल्या लायब्ररींशी, म्हणजे तयार कोडच्या संचांशी, आणि टूल्सशी झगडण्यात जातो. गेल्या महिन्यात ग्राहकांना मुदतीची आठवण करून देणारे संदेश पाठवण्याचे काम माझ्याकडे होते. तारीख तयार करताना मी मार्च महिन्यासाठी ३ हा आकडा दिला. लायब्ररीने तो एप्रिल समजला, कारण तिथे महिने शून्यापासून मोजतात. कुठलीही एरर आली नाही. संदेश वेळेवर गेले नाहीत, तेव्हा चूक कळली. बैठकीत वरिष्ठ म्हणाले, 'हे डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिले आहे.' त्यावर मला काही बोलता आले नाही. दुसरी गोष्ट सांगायला अधिक जड जाते. टीमसाठी अहवाल पाठवणारी एक छोटी लायब्ररी मी लिहिली आहे. तिच्या मुख्य फंक्शनला सहा पॅरामीटर, म्हणजे ते वापरताना द्यायची मूल्ये, आहेत आणि त्यांतले शेवटचे तीन नुसते खरे-खोटे आहेत. सहकारी त्यांची अदलाबदल करतात आणि मग मला विचारायला येतात. परवा मीही एकाला तेच उत्तर दिले: 'डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिले आहे.' मी या कामाला लायक आहे का? कोड सुचवणारी नवी टूल्स आली आहेत, तर हा सगळा भाग त्यांच्यावरच सोपवावा का?"

सप्रेम नमस्कार,

तुम्ही सांगितलेल्या दोन गोष्टी मुळात एकच आहेत आणि तुम्हाला ते जाणवले आहे, म्हणूनच दुसरी लिहिताना जड गेले. लायकीच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: तारखेची ती चूक तुमच्या लायकीबद्दल काहीही सांगत नाही. ती त्या लायब्ररीबद्दल बरेच काही सांगते, आणि ते नीट समजून घेतले तर तुमच्या स्वतःच्या लायब्ररीचे काय करायचे हेही कळेल.

त्या तारखेचा इतिहास पाहा. सी भाषेत तारखेचे जे स्ट्रक्चर आहे, त्यात महिने ० ते ११ असे मोजतात, महिन्यातले दिवस मात्र १ ते ३१ असे मोजतात आणि वर्ष १९०० पासून मोजतात. एकाच तारखेच्या तीन भागांना तीन वेगळ्या पद्धती. हीच रचना पुढे जावा या भाषेच्या पहिल्या तारीख-क्लासमध्ये आली आणि १९९५ मध्ये जावास्क्रिप्ट घाईने तयार झाली, तेव्हा तिथून जवळजवळ जशीच्या तशी उचलली गेली. जावाने तो क्लास वर्ष-महिना-दिवस देऊन वापरण्याची पद्धत १.१ आवृत्तीतच कालबाह्य ठरवली, पण तिच्या जागी आणलेल्या कॅलेंडर-क्लासमध्येही महिने शून्यापासूनच राहिले. अखेर २०१४ मध्ये जावा ८ बरोबर तारखांची नवी लायब्ररी आली आणि तिच्यात मार्च म्हणजे ३ झाला. जावास्क्रिप्टचा तो जुना क्लास आजही वापरात आहे. त्यात ३१ एप्रिल अशी तारीख मागितली तर तो कुरकुर न करता १ मे देतो. 'दिवस' या नावाने मिळणारी किंमत तिथे आठवड्याचा वार असते आणि महिन्यातला दिवस हवा असेल तर 'तारीख' या नावाने विचारावे लागते. एवढ्या सापळ्यांतून पहिल्या फेरीत सुखरूप बाहेर पडणारा माणूस अधिक हुशार असतो असे नाही. बहुतेक वेळा तो आधी कधीतरी तिथेच पडलेला असतो.

'डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिले आहे' हे विधान खरे असते, म्हणूनच ते इतके फसवे आहे. नासाच्या मार्स क्लायमेट ऑर्बिटर या यानाचे उदाहरण या विषयात वारंवार दिले जाते, पण त्यातली एक बाजू नेहमी मागे राहते. २३ सप्टेंबर १९९९ रोजी ते यान मंगळाच्या फार जवळून गेल्यामुळे नष्ट झाले. पृथ्वीवरचे एक सॉफ्टवेअर थ्रस्टरच्या जोराचा आकडा पाउंड-सेकंद या एककात देत होते आणि तो घेणारे दुसरे सॉफ्टवेअर तो न्यूटन-सेकंदात आहे असे धरून चालले होते. या दोहोंमधल्या इंटरफेसच्या, म्हणजे ती एकमेकांशी जोडली जातात त्या दुव्याच्या, लेखी तपशिलात मेट्रिक एकक वापरावे असे स्पष्ट म्हटलेले होते. म्हणजे नियम कागदावर होता, पण फाइलमधून जाणारा आकडा नुसता आकडा होता. त्याच्यासोबत एकक जात नव्हते आणि चुकीचा आकडा अडवणारे काही त्या वाटेवर नव्हते. तपास मंडळाने प्रक्रियेतले इतरही दोष दाखवले. तरी मला त्यातून एवढेच घ्यायचे आहे: कागदावरचा नियम आणि इंटरफेसमध्ये बसवलेला नियम यांत फार मोठे अंतर असते, आणि माणूस कामाच्या ओघात असतो तेव्हा फक्त दुसराच त्याच्या उपयोगी पडतो.

तुमच्या वरिष्ठांचे म्हणणे मी सरसकट खोडून काढत नाही. नव्या लायब्ररीचे पहिले पान वाचणे हे आपले काम आहेच. पण मार्चसाठी ३ लिहिताना कोणाच्याही मनात प्रश्न उभा राहत नाही, आणि जिथे प्रश्नच पडत नाही तिथे उत्तर शोधायला कोणी पान उघडत नाही. शंका आली असती तर तुम्ही नक्की पाहिले असते. शंका येऊ न देता चुकीच्या वाटेला लावणे हा इंटरफेसचा दोष आहे.

या दोषाचा अभ्यास गंभीरपणे झालेला आहे आणि तो तुम्हाला माहीत असावा असे मला मनापासून वाटते, कारण आपण एकटेच अडखळतो हा समज त्याने दूर होतो. टॉमस ग्रीन या संशोधकांनी १९८९ पासून प्रोग्रामिंगच्या भाषा आणि साधने माणसाच्या विचारप्रक्रियेला कुठे साथ देतात आणि कुठे अडवतात हे तपासण्यासाठी एक शब्दसंग्रह उभा केला: एखादी गोष्ट बदलायला किती हात लावावे लागतात, कोणते परस्परसंबंध डोळ्यांआड राहतात, चुकीला आमंत्रण कुठे मिळते, असे निकष त्यात आहेत. पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये स्टीव्हन क्लार्क यांनी हेच निकष लायब्ररींच्या इंटरफेसला लावले. जेफ्री स्टायलोस आणि ब्रॅड मायर्स यांनी २००८ मध्ये दाखवलेली एक गोष्ट तर तुमच्या अहवालांच्या लायब्ररीला थेट लागू पडते. एखादे काम कोडमधल्या दोन वस्तू ('ऑब्जेक्ट') मिळून करत असतील, तर ते करणारे फंक्शन कोणत्या वस्तूवर ठेवायचे? संदेश पाठवायचा असेल तर प्रोग्रामर आधी संदेशाची वस्तू तयार करतो आणि 'पाठवा' हे फंक्शन तिच्यावरच शोधू लागतो. ते तिथे न ठेवता सर्व्हरच्या वस्तूवर ठेवले, तर रचनेच्या दृष्टीने त्यात चूक काहीच नसते, पण शोधणारा भरकटतो. त्यांच्या प्रयोगात, लोक जिथून सुरुवात करतात त्या वस्तूवर फंक्शन असेल तेव्हा काम २.४ ते ११.२ पट लवकर झाले. काम तेच होते. फक्त फंक्शनची जागा बदलली होती.

सगळे काठिण्य मात्र इंटरफेसच्या माथी मारता येत नाही. टाइमझोन, एकाच वेळी चालणाऱ्या अनेक प्रक्रिया, एन्क्रिप्शन हे विषय मुळातच कठीण आहेत आणि कितीही सुबक नावे दिली तरी ते सोपे होत नाहीत. विषयाचे काठिण्य आणि मांडणीचे काठिण्य वेगळे ओळखायला मी एक साधी कसोटी वापरतो: तो विषय उत्तम जाणणाऱ्या माणसालाही इथे चूक होईल का? महिने किती असतात हे तुम्हाला शाळेपासून माहीत होते, तरीही चूक झाली. म्हणजे ती मांडणीची होती. उलट, एका देशातले घड्याळ उन्हाळ्यात एक तास पुढे जाते हे ठाऊक नसल्यामुळे हिशेब चुकला असेल, तर तिथे लायब्ररीला दोष देण्याआधी विषयच शिकून घ्यावा लागतो.

मांडणीच्या दोषांतही सगळे सारखे घातक नसतात. वाईट नावांचा त्रास होतो, पण माणूस त्यांना सरावतो. कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिट या टूलमध्ये 'चेकआउट' ही एकच कमांड शाखा बदलायची आणि फाइलमधले बदल पुसून टाकायचेही काम करायची. ऑगस्ट २०१९ मध्ये आलेल्या २.२३ आवृत्तीत त्या दोन कामांसाठी 'स्विच' आणि 'रिस्टोअर' अशा वेगळ्या कमांड आल्या, तोवर लोकांनी जुनीच वापरून दिवस काढले होते. आरडाओरडा करून थांबणाऱ्या इंटरफेसबद्दलही माझी फार तक्रार नाही. ज्यांची मला खरोखर भीती वाटते ते गप्प राहणारे इंटरफेस: ते चुकीचे मूल्य स्वीकारतात, काहीतरी करतात आणि सगळे ठीक असल्याचा आव आणतात. सीमधल्या 'मेमसेट' फंक्शनला भरायचे मूल्य आधी आणि किती बाइट भरायच्या ती संख्या नंतर द्यायची असते. दोन्ही पूर्णांकच असल्याने त्यांची अदलाबदल झाली तरी भाषेच्या नियमांना त्यात वावगे दिसत नाही, आणि शून्य संख्येच्या जागी गेला तर ते फंक्शन काहीच न करता परत येते. पीएचपी या भाषेत एका मजकुरात दुसरा शोधणारे जुने फंक्शन सापडलेली जागा सांगते. मजकूर अगदी सुरुवातीलाच असेल तर ती जागा ० असते आणि सरळ अटीत टाकलेला ० 'खोटे' ठरतो, म्हणजे सापडलेली गोष्ट सापडली नाही असे दिसते. पीएचपी ८ मध्ये, २०२० साली, फक्त 'आहे की नाही' एवढेच सांगणारे वेगळे फंक्शन आले, तेव्हा हा खड्डा टाळायची सोय झाली.

या प्रकारातले सर्वांत बोधक उदाहरण मला इंटरनेटवरून माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या कर्ल या लायब्ररीचे वाटते. सुरक्षित जोडणी करताना समोरचा सर्व्हर खरोखर त्याच नावाचा आहे का हे तपासण्यासाठी तिच्यात एक पर्याय होता. त्याची पूर्ण तपासणी २ या मूल्याला होत असे. तपासणी चालू करायची म्हणून असंख्य प्रोग्रामरनी तिथे 'खरे' लिहिले, 'खरे' म्हणजे १ झाले, आणि १ ला सर्व्हरच्या सर्टिफिकेटमध्ये (ओळखपत्रात) कुठलेतरी नाव आहे एवढेच पाहिले जात असे, ते नाव जुळते का हे नव्हे. सुरक्षितता वाढवण्याच्या हेतूने लिहिलेली ओळ नेमकी ती काढून घेत होती, आणि जोडणी तर व्यवस्थित होत असल्यामुळे कोणाला संशय येत नव्हता. २०१२ मध्ये संशोधकांनी हा प्रकार उघड केला आणि त्याच वर्षी कर्लच्या नव्या आवृत्तीने तिथे १ स्वीकारणे बंद करून एरर द्यायला सुरुवात केली. डॉक्युमेंटेशनमध्ये २ चा अर्थ पूर्वीपासून लिहिलेला होता.

आता तुम्ही काय करावे याकडे येतो. एखादी नवी लायब्ररी हाती आली की तिचा मोठा वापर सुरू करण्याआधी दहा-पंधरा ओळींचा एक वेगळा प्रोग्राम लिहा, आणि तो चालवण्यापूर्वी काय उत्तर येईल ते कागदावर लिहून ठेवा. आधी लिहिणे महत्त्वाचे आहे, कारण उत्तर समोर आल्यावर 'मला हेच अपेक्षित होते' असे मन सहज पटवून घेते. मूल्ये सोयीची निवडू नका, टोकाची निवडा: महिन्याचा शेवटचा दिवस, डिसेंबर, रिकामा मजकूर, शून्य, ऋण संख्या. तुमच्या बाबतीत मार्च महिना देऊन परत आलेली तारीख एकदा छापून पाहिली असती तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. अपेक्षा आणि उत्तर यांत फरक पडला की ती चाचणी प्रकल्पाच्या टेस्टमध्ये कायमची ठेवून द्या, म्हणजे तुमच्यानंतर येणाऱ्याला ती ठेच लागणार नाही.

ज्या लायब्ररीने एकदा फसवले तिला कोडभर थेट हात लावू देऊ नका. तिच्यावर तुमच्या शब्दांतले एक पातळ आवरण चढवा, ज्यात मार्च म्हणजे ३ असेल आणि ३१ एप्रिल आला तर स्पष्ट एरर येईल. मार्चच्या ३ चे २ करण्यासाठी वजा एक करण्याची ती कुप्रसिद्ध ओळ मग संपूर्ण प्रकल्पात एकाच ठिकाणी राहील. एक सावधगिरी मात्र बाळगा: प्रत्येक लायब्ररीवर असे आवरण चढवायला लागलात तर तुमच्या सहकाऱ्यांना दोन-दोन इंटरफेस शिकावे लागतील. जिथे चूक गप्प राहते आणि महागात पडते, तिथेच हा खटाटोप करा.

एरर मेसेज पूर्ण वाचा, असेही सांगतो, आणि यात तुमच्यावर कसलाही आरोप नाही. प्रोग्रामर एरर मेसेज वाचतच नाहीत हा समज २०१७ च्या एका अभ्यासाने खोटा ठरवला. डोळ्यांच्या हालचाली टिपून केलेल्या त्या प्रयोगात ५६ जण होते. त्यांची नजर जितक्या वेळा स्थिरावली, त्यांपैकी १३ ते २५ टक्के वेळा ती या मेसेजवर होती, आणि ते वाचणे प्रत्यक्ष कोड वाचण्याइतकेच अवघड जात असल्याचे आढळले. मेसेज लिहिणाऱ्यांची जबाबदारी यावरून कळते. पायथनने ३.१० या २०२१ च्या आवृत्तीत कंस कुठे उघडा राहिला ते थेट दाखवायला सुरुवात केली, त्याआधी तो बऱ्याचदा पुढच्याच ओळीवर बोट ठेवत असे. एवढ्या एका बदलाने नवशिक्यांचे किती तास वाचले असतील याचा विचार करून मला खरोखर आनंद होतो.

बैठकीत काय बोलावे हेही सांगतो. पुढच्या वेळी 'माझी चूक झाली' म्हणून थांबू नका आणि 'लायब्ररीच वाईट आहे' असेही म्हणू नका. तीन वाक्ये सांगा: मला काय अपेक्षित होते, प्रत्यक्ष काय झाले, आणि ते कळायला किती वेळ लागला. अशा नोंदींची एक वही ठेवा. महिन्याभराने त्यातल्या चार नोंदी एकाच लायब्ररीकडे बोट दाखवू लागल्या, तर तो विषय व्यक्तींचा राहणार नाही आणि वरिष्ठांनाही ऐकावे लागेल. लायब्ररी खुली असेल तर तीच नोंद तिच्या कर्त्यांकडे पाठवा. स्वतःच्या इंटरफेसवर लोक कुठे अडखळतात हे त्यांना आतून दिसत नाही, कारण उत्तर आधीच माहीत असलेल्या माणसाला प्रश्न दिसत नसतो.

हे शेवटचे वाक्य तुमच्या अहवालांच्या लायब्ररीलाही लागू आहे. ती तुम्ही लिहिली, म्हणून चौथा 'खरे' कशाचा आणि पाचवा कशाचा हे तुम्हाला ठाऊक आहे. सहकाऱ्याला कोडमध्ये दिसते ते एवढेच: खरे, खोटे, खरे. ज्याने ती ओळ लिहिली नाही आणि जो तिचा फक्त रिव्ह्यू करत आहे, त्याला तर काहीच कळण्याचा मार्ग नाही. म्हणून एका सहकाऱ्याला शेजारी बसवा, 'या अहवालाची प्रत व्यवस्थापकांना पाठव' असे एक खरे काम द्या आणि अर्धा तास एक शब्दही न बोलता पाहत राहा. मोठ्याने विचार करायला सांगा. तो कुठे थांबतो, कोणते नाव आधी शोधतो, काय टाइप करून पुसतो, हे लिहून घ्या. मध्ये बोलण्याचा मोह फार होईल. तो आवरा, कारण तुम्ही बोललात त्या क्षणी डॉक्युमेंटेशनची जागा पुन्हा तुम्हीच घेतलेली असेल. असे तीन जणांसोबत केले तर बहुतेक अडचणी समोर येतील. मी स्वतः लिहिलेल्या एका लायब्ररीवर हे पहिल्यांदा केले, तेव्हा मला सर्वांत अभिमान असलेले फंक्शन कोणालाच सापडले नाही. ते मी ज्या नावाखाली ठेवले होते ते नाव फक्त माझ्या डोक्यात अर्थपूर्ण होते.

त्या सहा पॅरामीटरचे काय करायचे याचा अंदाज मी आताच देतो. तीन खरे-खोट्यांच्या जागी अर्थ सांगणारी मूल्ये आणा, उदाहरणार्थ 'लगेच पाठवा' किंवा 'रात्री पाठवा', म्हणजे अदलाबदल झाली तर कंपायलरच (कोड चालण्याआधी तो तपासून रूपांतर करणारा प्रोग्राम) अडवेल. भाषेत पॅरामीटर नावाने देण्याची सोय असेल तर ती सक्तीची करा. दहापैकी नऊ वेळा जे हवे असते ते काही न सांगता मिळू द्या. मात्र परत न घेता येणारी कृती, म्हणजे बाहेरच्या लोकांना पाठवणे, ही कधीही न सांगता होणार नाही असे पाहा. आणि नवे फंक्शन लिहिण्याआधी ते वापरणारा कोड लिहून पाहा. तो वाचायला सरळ वाटला, तरच आतले काम सुरू करा.

कोड सुचवणाऱ्या टूल्सबद्दल तुम्ही विचारले आहे. ती वापरा, विसरलेला पॅरामीटर किंवा सुरुवातीचा नमुना ती पटकन देतात. पण ती अस्तित्वात नसलेल्या फंक्शनचे नावही तितक्याच आत्मविश्वासाने सुचवतात, आणि नसलेले फंक्शन निदान लगेच अडते. १ आणि २ मधला कर्लसारखा फरक अडत नाही. जुन्या कोडमध्ये जी चूक हजारो ठिकाणी लिहिली गेली आहे, ती सुचवली जाण्याचीही शक्यता असते. तेव्हा आधी सांगितलेला पंधरा ओळींचा प्रोग्राम सुचवलेल्या कोडसाठीही लिहा.

जुने फंक्शन मात्र एका रात्रीत काढून टाकू नका. सहकाऱ्यांचा कोड त्यावर उभा आहे, आणि कदाचित त्याच्या एखाद्या विचित्र वागण्यावरही कोणीतरी नकळत अवलंबून असेल. नवे फंक्शन त्याच्या शेजारी ठेवा, जुने वापरले की नव्याचे नाव आणि बदलाची एक ओळ दाखवणारी सूचना येऊ द्या, आणि ते कधी काढणार ती तारीख त्या सूचनेतच लिहा. परवा ज्या सहकाऱ्याला तुम्ही ते उत्तर दिलेत, त्यालाच सर्वांत आधी शेजारी बसवा.

तुमचा,
सदरलेखक